बसतेय म्हणून बसवू नका

रोहिण्या निघाल्या आहेत. मृगाला जेमतेम दोन आठवडे उरले. घरोघर पत्र्यांची डागडुजी चालू आहे, बियाण्यांच्या पिशव्या आल्यात, माळ्यावरच्या छत्र्या खाली उतरल्यात. या धांदलीत आणखी एक काम करा, एवढी विनंती करायला मी हे लिहितोय. आज संध्याकाळी, उजेड आहे तोवर, आपल्या मोटारसायकलशेजारी उकिडवे बसा. ओल्या फडक्यानं टायरची बाजू पुसा आणि तिथे कोरलेले आकडे कागदावर उतरवून घ्या. पुढच्या चाकाचे वेगळे, मागच्याचे वेगळे. स्कूटर असेल तर तिचेही. पाच मिनिटं लागतील. पहिला पाऊस पडायच्या आत हे झालंच पाहिजे.

मी आयटीआयमध्ये चौतीस वर्षं पोरांना गाड्यांचं काम शिकवलं. इंजिन खोलणं, कार्बोरेटर साफ करणं, क्लचप्लेटा बदलणं हे सगळं शिकवलं. टायर आणि ट्यूबच्या मापांना मात्र वर्षातला एखादा तास द्यायचो, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न क्वचितच यायचा. त्या एका तासाचं ओझं गेल्या श्रावणापासून माझ्या मनावर आहे.

गेल्या श्रावणात माझा भाचा त्याच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मागे बसवून आठवडी बाजारातून घरी येत होता. वेग चाळीस-पंचेचाळीसचा. रस्ता ओला. वळणावर पुढच्या चाकातली हवा एका क्षणात गेली आणि हँडल त्याच्या हातातून फिरलं. भाच्याचं खरचटण्यावर निभावलं. बहिणीच्या उजव्या दंडाचं हाड मोडलं, प्लेट टाकावी लागली. आज तिचा तो हात खांद्याच्या वर जात नाही. फडताळाच्या वरच्या खणातला डबा हवा असेल तर ती सुनेला हाक मारते. भाच्यानं त्यानंतर आईला गाडीवर बसवलेलं नाही.

गाडी घरी आणल्यावर टायर मी स्वतः उतरवला. आतून हात फिरवला. खिळा नव्हता, काच नव्हती, काटा नव्हता. ट्यूबला मात्र एका जागी आडवी घडी पडलेली होती आणि बरोबर त्या घडीच्या रेषेवर ट्यूब बोटभर फाटलेली होती. ट्यूबवरचा ठसा वाचला: २.७५/३.००-१८. टायरवर होतं २.७५-१७. तीन आठवड्यांपूर्वीच त्यानं ती नवी ट्यूब घातली होती. सतराची दुकानात शिल्लक नव्हती. ‘अठराची बसतेय, काही होत नाही,’ असं त्याला सांगण्यात आलं होतं. आणि ती बसली होतीच. तीन आठवडे बसली होती.

ते दुकान कुणाचं, हे मी लिहिणार नाही. तसं बोलणारी दुकानं गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या काहींत माझ्याच हाताखाली शिकलेली पोरं टाम्या घेऊन बसलेली आहेत. ‘सतराची नाही, मी पलीकडून आणतो, दहा मिनिटं थांबा,’ असं आपण म्हणू देत नाही, हेही खरं आहे. आपल्याला घाई असते. आपणच विचारतो, ‘दुसरी कुठली बसत नाही का?’

तो एक इंच किती असतो, ते बघा. सतरा आणि अठरा हे रिमच्या व्यासाचे आकडे. टायरची कड जिथे रिमवर टेकते तिथला हा व्यास, इंचांत. व्यासात एक इंच वाढला की घेरात तीन इंचांहून थोडं जास्त, म्हणजे जवळजवळ आठ सेंटिमीटर वाढतं. आपली चार बोटं एकमेकांना चिकटवून धरा, साधारण तेवढं. सतराच्या टायरमध्ये अठराची ट्यूब घातली की चार बोटांएवढं रबर जादा होतं आणि त्याला जायला जागा नसते. ते कुठेतरी दुमडतं. चाक फिरताना दर फेऱ्याला ती दुमड दाबली जाते, सुटते, पुन्हा दाबली जाते. वायर वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच आहे हे. फाटते ती घडीवर, आणि फाटते तेव्हा बारीक भोक पडत नाही, चीर जाते.

उलटही तितकंच वाईट. ट्यूब मुळात टायरच्या पोटापेक्षा थोडी लहानच केलेली असते. हवा भरली की ती ताणली जाऊन टायरला सगळीकडून चिकटावी म्हणून. पण फारच लहान ट्यूब घातली, समजा १००/९०-१७ च्या टायरमध्ये २.७५ ची कोंबली, तर ती फुग्यासारखी पातळ होते. पातळ रबराला बारीक काटाही पुरतो, वॉलच्या मुळाशी ती फाटते आणि हवा भराभर उतरते. नवा टायर घेताना पैसे वाचवायला जुनीच ट्यूब परत घालतात, त्यातही धोका आहे. वापरलेली ट्यूब ताणून वाढलेली असते. छापील माप बरोबर असलं तरी नव्या टायरच्या पोटात तिला घडी पडते. नव्या टायरला नवी ट्यूब. एवढा खर्च कराच.

आता उतरवून घेतलेला कागद समोर घ्या. त्यावर दोनपैकी एका पद्धतीचं माप असेल.

पहिली पद्धत जुनी, इंचांची. २.७५-१८, ३.००-१७, ३.२५-१९ अशी. पहिला आकडा टायरची रुंदी, इंचांत. दुसरा रिमचा व्यास, तोही इंचांत. उंची वेगळी लिहिलेली नसते, कारण या जातीच्या टायरची उंची साधारण रुंदीएवढीच धरलेली असते. जुन्या बुलेटला दोन्ही चाकांना ३.२५-१९ चा टायर असायचा. जुन्या चेतक स्कूटरला ३.५०-१०.

दुसरी पद्धत मिलिमीटरची. १००/९०-१७ असं काही. पहिले १०० म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. पुढचे ९० म्हणजे मिलिमीटर नव्हेत. ते टक्के आहेत. रुंदीच्या ९० टक्के एवढी टायरची उंची, म्हणजे इथे ९० मिलिमीटर. आणि शेवटचे १७ पुन्हा इंच! एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच, तिन्ही एका ओळीत. शिकलेली माणसंही इथे चुकतात, मग बाकीच्यांना काय बोल लावायचा? ८०/१००-१८ आणि १००/८०-१८ हे आकडे नुसते उलटसुलट वाटतात. पहिला टायर ८० मिलिमीटर रुंद आणि ८० उंच. दुसरा १०० रुंद आणि तरीही ८० च उंच. दोघांचा बाहेरचा घेर सारखाच भरेल, पण एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. रिमची रुंदी वेगळी लागते, आतली ट्यूब वेगळी लागते.

मधल्या आडव्या रेघेच्या जागी कधी आर किंवा बी असं इंग्रजी अक्षर असतं. नुसती रेघ म्हणजे आडव्या-तिरप्या धाग्यांचा नेहमीचा टायर, आर म्हणजे रेडियल, बी म्हणजे बेल्टचा. रेडियल टायरमध्ये ट्यूब घालायचीच असेल तर ती रेडियलसाठी चालते असं तिच्यावर किंवा खोक्यावर लिहिलेलं असायला हवं. एम/सी लिहिलेलं असेल तर हा टायर मोटारसायकलच्या रिमसाठी आहे. इंचांचा आकडा सारखा दिसला तरी मोटारीच्या आणि मोटारसायकलच्या रिमची घडण वेगळी असते, म्हणून ती खूण.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. तिरपी रेघ. टायरवर ८०/१०० असं असेल तर त्या रेघेचा अर्थ टक्के. ट्यूबवर २.७५/३.०० असं असेल तर त्या रेघेचा अर्थ ‘किंवा’. ही ट्यूब २.७५ च्या टायरलाही चालते, ३.०० च्या टायरलाही चालते, एवढंच ती सांगते. ट्यूब ताणली जाते म्हणून एक ट्यूब शेजारशेजारच्या दोन-तीन मापांना चालू शकते, आणि कोणत्या मापांना चालते ते बनवणाऱ्यानं तिच्यावरच छापलेलं असतं. त्या छापील यादीत आपल्या टायरचं माप असलं पाहिजे. नसेल तर ती आपली ट्यूब नव्हे. आडव्या रेघेनंतरचा शेवटचा आकडा, रिमचा, तो तर तंतोतंत जुळला पाहिजे. रुंदीत ट्यूब थोडं सामावून घेते. घेरात ती सामावून घेत नाही. माझ्या बहिणीचा हात त्या शेवटच्या आकड्यानं गेला.

इंचांचं मिलिमीटर करून आपल्या मनानं टायर बदलू नका, हेही इथेच सांगतो. २.७५ इंच म्हणजे ७० मिलिमीटर, म्हणून ७० चा टायर, असं गणित चालत नाही. स्प्लेंडरला पूर्वी २.७५-१८ यायचा, आता त्याच गाडीला ८०/१००-१८ येतो. जुन्या मापाला नवं कोणतं माप जुळतं, हे गाडीच्या मालकाच्या पुस्तकात बघावं. ते पुस्तक हरवलं असेल तर शोरूममधल्या सर्व्हिसवाल्याला विचारावं. सांगतात, पैसे पडत नाहीत.

आपल्या गाडीची दोन्ही चाकं एकाच मापाची आहेत, असं समजून चालणाऱ्यांना माझी विशेष विनंती. अ‍ॅक्टिव्हा ६जीला पुढे ९०/९०-१२ आणि मागे ९०/१००-१०. पुढचं चाक बारा इंची, मागचं दहा इंची. जुन्या अ‍ॅक्टिव्हाला दोन्ही दहाच. घरात एक जुनी, एक नवी अशा दोन स्कूटर असतील तर ‘अ‍ॅक्टिव्हाचा टायर द्या’ या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. क्लासिक ३५० ला पुढे १९, मागे १८. म्हणून गाडीचं नाव सांगून टायर-ट्यूब मागायची सवय आजपासून सोडा. ‘बुलेटची द्या’, ‘पल्सरची द्या’ असं म्हणू नका. आकडा सांगा, आणि पुढची की मागची ते सांगा.

मापाच्या शेवटी एक आकडा आणि एक अक्षर असतं, ४७ पी, ५४ पी, ५३ जे असं काही. याच्याकडे फारसं कुणी बघत नाही आणि इथेच वजन वाहणाऱ्या माणसांचा जीव टांगलेला असतो. आकडा म्हणजे किलो नव्हे, तो तक्त्यातला क्रमांक आहे. ४७ म्हणजे १७५ किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. अक्षर वेगाचं: जे म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंत, एल म्हणजे १२०, पी म्हणजे १५०. स्प्लेंडर प्लसच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही टायरांवर ८०/१००-१८ असं एकच माप असतं. पण पुढचा ४७ पी, मागचा ५४ पी. माप बघून कुणी पुढचा टायर मागे चढवला तर तो बसेल, फिरेल, कुणाला काही कळणार नाही. ३७ किलोंची ताकद मात्र तिथे कमी झालेली असेल.

दूध घालायला जाणारे माझे भाऊ हे वाचत असतील तर त्यांनी इथे थांबावं. दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन लावले की डब्यांसकट साधारण १०० किलो झाले, आणि ते जवळजवळ सगळे मागच्या चाकावर. चालवणाऱ्याचं निम्म्याहून अधिक वजन मागे, गाडीचंही निम्मं मागे. बेरीज दोनशेच्या आसपास जाते. ५४ चा टायर २१२ किलोंपर्यंत सांगितलाय, तोही हवा पूर्ण असेल तर. हवा कमी असेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. मग त्यात एखादा कॅन वाढवला, वर पेंडेचं पोतं ठेवलं, आणि टायर पुढच्या चाकाचा चढवलेला असला, तर पहाटे साडेचारच्या अंधारात खड्ड्यात चाक आपटल्यावर काय होईल? दूध संकलन केंद्रांच्या सचिवांना मी हात जोडून सांगतो, फॅट लावायच्या ओळीत माणसं उभी असतात तेव्हा एखाद्यानं त्यांच्या मागच्या टायरांवर नजर टाकावी. दहा दिवसांतून एकदा टाकली तरी पुरे.

काही टायरांवर या आकड्याबरोबर ४ पीआर, ६ पीआर असंही असतं. तो ताकदीचा दर्जा आहे, आतल्या थरांची मोजदाद नव्हे. पुस्तकात ६ सांगितलं असेल तर ४ घेऊ नका.

ट्यूबलेसबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत, म्हणून थोडं सविस्तर. टायरवर टीएल किंवा ट्यूबलेस, नाहीतर टीटी किंवा ट्यूबटाइप असं लिहिलेलं असतं. ट्यूबलेस टायरच्या आतल्या अंगाला हवा न जाऊ देणारा थर असतो आणि त्याच्या रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा असतो. खिळा घुसला तरी रबर खिळ्याला घट्ट धरून बसतं, हवा हळूहळू उतरते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. ट्यूबमध्ये तसं नसतं. ट्यूब फाटली की हवा वॉलच्या भोकातून, तारांच्या भोकांतून क्षणात बाहेर पडते. म्हणून दोन-तीन पंक्चर झाल्यावर ट्यूबलेस टायरमध्ये ‘आत ट्यूब घालून द्या’ म्हणणं म्हणजे जे चांगलं होतं तेच काढून टाकणं. टायर आणि ट्यूबमध्ये हवा अडकते, दोघं एकमेकांवर घासतात, तापतात. रात्री-अपरात्री आडरानात अडकलात आणि दुसरा इलाजच नसेल तर बरोबर मापाची ट्यूब घालून सावकाश घरी या. दुसऱ्या दिवशी टायर बदला. तारांच्या चाकात नुसता ट्यूबलेस टायर ट्यूबशिवाय चालवायचा प्रयत्न तर कुणीच करू नये. आणि टीटी टायर ट्यूबलेस रिमवर ट्यूबशिवाय चढवणं हाही जिवाशी खेळ आहे.

वॉल वाकडा झालेला बघितलाय का कधी? रिममधून सरळ बाहेर येण्याऐवजी एका बाजूला कललेला? तो कलतो, कारण हवा कमी असताना ब्रेक मारला की टायर रिमवर थोडा सरकतो आणि ट्यूबला ओढून नेतो. वॉल मात्र भोकात अडकलेला. काही दिवसांत तो मुळापासून तुटणार. वाकडा वॉल दिसला की हवा मारून भागत नाही. त्याच दिवशी हवा सोडून ट्यूब सरळ करून घ्या. स्कूटरच्या लहान चाकांना मुद्दाम वाकवलेल्या वॉलची ट्यूब येते, ती वेगळी गोष्ट. तिथे सरळ वॉलची ट्यूब घातली तर हवेची नळी तिथवर पोचत नाही, मग महिनोन्महिने कुणी हवाच बघत नाही. ट्यूब घेताना वॉलचा आकारही जुना समोर धरून जुळवा.

जुन्या चेतकसारख्या स्कूटर अजून कुणाकुणाच्या अंगणात आहेत. त्यांची रिम दोन भागांची, नटांनी जोडलेली. हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या रिमच्या नटांना पाना लावू नका. भरलेल्या हवेवर नट सैल केले तर रिमचा भाग उडून तोंडावर येतो. स्टेपनी घरी बदलणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं.

जाड टायरचा शौक असलेल्या पोरांना रागावून सांगण्यात अर्थ नाही, म्हणून समजावून सांगतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत चिमटल्या जातात आणि माथा गोल होतो. रस्त्याला टेकणारी जागा उलट कमी होते. गाडी मागून दणकट दिसते, पण पकड होती त्यापेक्षा घटलेली असते. टायर चेनला, मडगार्डला, स्विंगआर्मला घासतो तो त्रास वेगळाच. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल, धूळ, चिखल वर येतो, तेव्हा त्या गोल माथ्यावर उभं राहून वळण घ्यायचंय, हे डोळ्यांसमोर आणा.

नक्षी बघायला फार अक्कल लागत नाही. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्याच्या रेषेत वर, खाचेच्या तळाशी, बारीक उंचवटा असतो. नियमानं दुचाकीच्या टायरची खाच त्या उंचवट्याच्या वर किमान ०.८ मिलिमीटर असायला हवी. उंचवटा नक्षीच्या बरोबरीला आला की टायर गोटा झाला. पावसाळा काढायचा विचार सोडा. मागचा गोटा झालेला टायर पुढे घालून दिवस काढणाऱ्यांना तर मी अक्षरशः विनवतो, नका करू. मागचं चाक घसरलं तर माणूस कधीकधी सावरतो. पुढचं गेलं की सावरायला काही उरत नाही. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तोही बघून घ्या, घाईत उलटा चढवलेला टायर मी अनेकदा पाहिलाय.

चार अंकी आकडा वेगळ्या चौकटीत दिसेल, २३१९ असा काहीतरी. २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात हा टायर बनला. दुकानात नवा म्हणून मिळालेला टायर चार वर्षं पडून राहिलेला असू शकतो. रबर न वापरताही कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. पाच वर्षं झालेला टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी मी माझ्या गाडीवर ठेवत नाही.

आयएसआयचा शिक्का बघा. टायर-ट्यूबसाठी केंद्र सरकारनं २००९ साली गुणवत्तेचा आदेश काढला, त्यामुळे हा शिक्का सक्तीचा आहे. दुचाकी-तीनचाकीच्या टायरवर आयएस १५६२७ आणि ट्यूबवर आयएस १३०९८ हे क्रमांक असतात. शिक्का नसलेली, खोकं नसलेली, माप पुसट झालेली ट्यूब कुणी पन्नास रुपये कमी करून देत असेल तर घेऊ नका. पावतीवर माप लिहून मागा. दुकानदार कंटाळला तरी मागा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत दर शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक माणसं दुचाकीवर होती. ती सगळी टायरमुळे गेली असं कुणी म्हणणार नाही. वेग, दारू, नसलेलं हेल्मेट, खड्डे, सगळंच आहे त्यात. पण खड्डा बुजवायला आपल्याला अर्ज करावा लागतो, वाट बघावी लागते. ट्यूबचं माप जुळवायला कुणाची सही लागत नाही.

पंक्चर काढणाऱ्या भावांनो, तुमच्याशी दोन शब्द. उन्हापावसात, डांबराच्या वाफेत, हाताची सालटी काढत तुम्ही हे काम करता. केरळातून, बिहारमधून येऊन आमच्या रस्त्यांवर खोपट टाकून बसलेले तुम्ही रात्री बारालाही उठून टायर उतरवता. तुमच्याइतका जवळून टायर दुसरा कुणीच बघत नाही. म्हणून तुमच्याकडेच मागणं आहे. माप जुळत नसेल तर ‘बसतेय’ म्हणू नका. ‘माझ्याकडे नाही’ म्हणा. गिऱ्हाईक चिडेल, शेजारच्याकडे जाईल, जाऊ द्या. आणि ट्यूब घालण्याआधी टायरच्या आत हात फिरवून काटा तपासा, तारांवरची रिमटेप जागेवर आहे का बघा, ट्यूबला पावडर लावा, थोडी हवा भरून मग टायर चढवा. हे तुम्हाला येतंच. घाईत सुटतं, म्हणून आठवण करतोय. शक्य झालं तर दुकानाच्या फळीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ‘टायरचा आकडा सांगा, मगच ट्यूब मिळेल.’

आषाढीला पंढरपूरकडे जोडीनं गाडीवर निघणारे अनेक जण आहेत. मागे बायको, मांडीवर पिशवी, टाकीवर नातू. निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी टायर बघा, म्हणजे माप मिळालं नाही तर मागवायला वेळ राहील. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. डबल सीटला मागच्या चाकाला जास्त हवा लागते. किती, ते चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं.

आता त्या कागदाचं काय करायचं ते सांगतो. त्यावर पुढच्या टायरचं पूर्ण माप, शेवटचा आकडा आणि अक्षरासकट, मागच्याचं तसंच, ट्यूब की ट्यूबलेस, बनल्याचा आठवडा आणि वर्ष, आणि एकट्यानं व जोडीनं किती हवा, एवढं लिहा. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि कागद गाडीच्या आरसीबरोबर प्लॅस्टिकमध्ये घाला. घरात जो कुणी गाडी वापरतो त्याला तो कुठे आहे ते दाखवा. मुलगी कॉलेजला स्कूटरवर जात असेल तर तिला आवर्जून दाखवा. रस्त्यात चाक बसलं आणि कुणी ‘दुसरी बसतेय ताई’ म्हणालं तर तिच्या हातात नेमका आकडा असू दे.

येत्या रविवारपासून मृग लागेपर्यंत मी रोज सकाळी सात ते नऊ आमच्या बाजारतळावरच्या पिंपळाखाली बसणार आहे. हवेचं गेज, बॅटरी, फडकं आणि खडू माझ्याकडे असेल. आयटीआयची चार पोरंही येणार आहेत. गाडी घेऊन या, आकडे आम्ही वाचून देतो, कागद आम्ही लिहून देतो. दुसऱ्या गावांतल्या शिक्षकांनी, मेकॅनिकांनी, सेवानिवृत्त मंडळींनी आपापल्या बाजारतळावर असंच बसावं, ही विनंती. पैसे कुणी घेऊ नयेत. माझी बहीण रोज सकाळी तिथे चहाची किटली घेऊन येणार आहे, डाव्या हातात.